पाण्याची वाट आणि आपले घर

जिवती तालुका पहाडावर वसला आहे. गडचांदूरहून एस.टी. घाट चढून वर येते. पहाडावरची जागा उंचसखल. एक घर वर, तर दुसरे खाली. एकाचे शेत टेकाडावर, दुसऱ्याचे खोलगटात.

पाऊस लागला की पाणी उतारावरून पळत सुटते. शेतातून, बंडीच्या वाटेवरून, दोन घरांमधल्या बोळातून ते नालीत येते. नालीतून नाल्यात जाते. नाले पहाडाखाली उतरतात. गडचांदूरजवळचे अमलनाला धरण अशाच पहाडी पाण्याने भरते.

पाणी कुणाला विचारून जात नाही. जिकडे उतार, तिकडे पाणी. ही त्याची जुनी वाट असते. आपल्या आजोबांच्या आधीपासूनची.

आता वस्ती वाढली. पोराचे लग्न झाले, खोली वाढवावी लागते. बैलजोडी घेतली, कोठा हवा. रस्त्याच्या कडेला पानठेला टाकला तर चार पैसे मिळतात. यात वाईट काही नाही. पण बांधताना आपण बहुधा कोरडी जागा पाहतो. आणि पाण्याची वाट उन्हाळ्यात कोरडीच असते!

समजा, एका भाऊंच्या घरामागे दहा फुटांची पट्टी मोकळी आहे. आठ महिने तिथे थेंब नसतो. भाऊंनी वैशाखात तिथे विटांचा कोठा बांधला. पट्टीच्या वरच्या अंगाला एका बाईंचे घर आहे. आषाढात मोठा पाऊस झाला. पाणी कोठ्याच्या भिंतीला अडले आणि मागे फिरले. रात्री बाईंच्या घरात टोंगळाभर पाणी शिरले. धान्याची कोठी भिजली. मातीची भिंत खचली.

सकाळी भांडण झाले.

भाऊ म्हणाले, "जागा माझी. उतारा माझ्या नावाचा. मी काय वाटेल ते बांधीन."

बाई म्हणाल्या, "जागा तुमचीच हो भाऊ. पण आता पाण्यानं जावं कुठून? माझ्या चुलीवरून?"

दोघांचेही बोलणे खरे वाटते. मग न्याय कसा करायचा? कायदा याला काय म्हणतो, ते आज आपण पाहू.

मालकी एकाची, वाट दुसऱ्याची

जमीन आपली असली तरी तिच्यावर दुसऱ्याचा थोडा हक्क असू शकतो. मालकीचा नव्हे, वापराचा. शेजाऱ्याच्या शेतात जायची पायवाट आपल्या शेतातून जाते. वरच्या घराचे पावसाचे पाणी आपल्या अंगणातून वाहते. गावाच्या नळाचा पाइप आपल्या कुंपणाच्या आतून गेलेला असतो. विजेची तार आपल्या वाडीवरून जाते. अशा हक्काला लोक वहिवाटीचा हक्क म्हणतात. कायद्याच्या भाषेत सुविधाधिकार म्हणतात. याचा कायदा १८८२ सालचा आहे.

हा कायदा सांगतो, की वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीवर उतरते, ते खालच्या मालकाने उतरू द्यावे. म्हणजे आपल्या गोष्टीत बाईंचे म्हणणे बरोबर ठरते. जागा भाऊंचीच राहते. ती कुणी काढून घेत नाही. पण पाणी अडेल असे तिथे बांधता येत नाही.

वरच्या माणसानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा हक्क पावसाच्या पाण्याचा आहे. नहाणीचे, मोरीचे, कोठ्याचे घाण पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडण्याचा हक्क यातून मिळत नाही.

वाटेचा किंवा नालीचा वापर एखाद्याने उघडपणे, बिनभांडणाचा, हक्काने आणि खंड न पडता २० वर्षे केला असेल, तर तोही पक्का हक्क होऊ शकतो. म्हणून "ही नाली माझ्या जागेतली, आता मी बुजवतो" असे म्हणण्याआधी ती किती वर्षांची आहे, हे पाहावे.

नाला कुणाचा?

अंगणातून वाहणारे पाणी वेगळे आणि नाला वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्याप्रमाणे रस्ते, गल्ल्या, नद्या, ओढे, नाले, तळी यांपैकी जे कुणाच्या खाजगी मालकीचे ठरलेले नाही, ते सरकारचे असते. सरकारचे म्हणजे आपणा सर्वांचे. नाला उन्हाळ्यात कोरडा पडला म्हणून तो रिकामा प्लॉट होत नाही. त्यात भर टाकून घर उठवले तर ते अतिक्रमण होते.

गावठाणातल्या नालीचेही तसेच. १९५८ सालचा ग्रामपंचायतीचा कायदा आहे. त्यात सार्वजनिक रस्त्यावर किंवा त्याच्या उघड्या नालीवर काय उभारू नये, याची यादीच दिली आहे. भिंत, कुंपण, कठडा, खांब, टपरी, सपरी, ओटा, जोते, पायरी. पाहा, पायरीसुद्धा सोडलेली नाही! एका पायरीने काय होते, असे आपल्याला वाटते. पण गल्लीत चाळीस घरे असली तर चाळीस पायऱ्या होतात. मग नाली साफ करायला फावडे आत जात नाही. गाळ साचतो, डास होतात, आणि पहिल्याच पावसात पाणी रस्त्यावर येते. असे अतिक्रमण ग्रामपंचायत काढू शकते. काढण्याचा खर्चही बांधणाऱ्याकडून घेऊ शकते.

जिवती गावाला आता नगर पंचायत आहे. नगर पंचायतींना १९६५ सालचा नगर परिषदांचा कायदा लागू होतो. घर बांधण्याआधी परवानगी घ्यावी लागते. राज्याची बांधकाम नियमावली २०२० साली आली. तिच्याप्रमाणे नाल्याच्या काठापासून ९ मीटर, म्हणजे सुमारे ३० फूट, जागा सोडावी लागते. नदीच्या काठापासून १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट. मोठ्या नद्यांच्या पुराच्या रेषा आखलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई असते.

पाण्याचा हिशेब

"तीस फूट कशाला? नाला तर चारच फूट रुंद आहे." असे कुणीही म्हणेल. म्हणून थोडा हिशेब करू.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होते. एका एकरात असे सुमारे ४,०४७ चौकोन बसतात. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर चार लाख लिटरांहून जास्त पाणी पडते. उन्हाळ्यात दहा हजार लिटरांचा टँकर येतो ना? तसे चाळीस टँकर. आणि हे झाले एका एकराचे. नाल्याला शेकडो एकरांचे पाणी मिळते. त्यातले काही जमिनीत मुरते. पण जमीन आधीच भिजलेली असली आणि उतार मोठा असला, तर बहुतेक पाणी खाली धावते.

दुसरा हिशेब नळाचा. काही लोक म्हणतात, "आम्ही नाला बंद करत नाही. सिमेंटचा नळ टाकतो आणि वरून भर घालतो." समजा, चार फुटी नळ हवा होता आणि आपण दोन फुटी टाकला. आपल्याला वाटते, निम्मे पाणी तरी जाईल. तसे नाही. दोन फुटी नळाची चार तोंडे मिळून चार फुटी नळाचे एक तोंड होते. म्हणजे वाट निम्मी झाली नाही, चौथाई झाली. पुरात वाहून आलेली एखादी फांदी किंवा जुने पोते त्या तोंडात अडकले, की तीही बंद.

शहरात काय घडले

हे खेड्यातच होते असे नाही. आपल्या विदर्भातल्या नागपूरचे पाहा. तिथे अंबाझरी तलाव आहे. त्याचा सांडवा नाग नदीत उतरतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तलाव भरून वाहू लागला. नदीच्या पात्राला ते पाणी मावेना. लोक झोपेत असताना हजारो घरांत पाणी शिरले. माणसे दगावली. पुढे रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. सांडव्याच्या पुढे, पाण्याच्या वाटेवर, उभारलेल्या स्मारकाचा आणि इतर बांधकामांचा प्रश्न तिथे निघाला.

यातून एक गोष्ट शिकावी. पाण्याची वाट गरिबाचे झोपडेच अडवते असे नाही. मोठ्यांची आणि सरकारी बांधकामेही अडवतात. नियम सगळ्यांना सारखा हवा. गावाच्या सभेत हे बोलण्याचा आपल्याला हक्क आहे.

पुण्यात आंबील ओढा आहे. तो कात्रजच्या डोंगराकडून येतो आणि भर वस्तीतून मुठा नदीला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला. भिंती पडल्या. काठच्या वस्तीतली माणसे गेली. त्यानंतर जून २०२१ मध्ये ओढ्याकाठची काही घरे पाडण्यासाठी यंत्रे आली. पावसाळ्याचे दिवस. बायका, मुले, भांडीकुंडी रस्त्यावर. लोकांनी विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पाडकामाला स्थगिती मिळाली.

म्हणजे ओढ्याकाठी राहणाऱ्याला दोन्हीकडून भीती. एकीकडे पुराची, दुसरीकडे यंत्राची. हौस म्हणून तिथे कोण राहते? दुसरी जागा परवडत नाही म्हणून राहते. यासाठी पंचायतीने नुसते "बांधू नका" म्हणून भागत नाही. कुठे बांधावे, हेही दाखवले पाहिजे. आणि आपणही ते मागितले पाहिजे.

तारेखाली घर नको

पाण्यासारखीच विजेचीही वाट असते. तार डोक्यावरून जाते. घर एक मजली असते तोवर काही वाटत नाही. मग आपण वर खोली चढवतो किंवा टिनाचे छप्पर टाकतो. आणि तार हाताशी येते.

विजेचे नियम असे आहेत. घराला वीज देणारी साधी तार छपराच्या वर निदान २.५ मीटर, म्हणजे सुमारे ८ फूट, हवी. बाजूने निदान १.२ मीटर, म्हणजे ४ फूट. अकरा हजार व्होल्टची तार छपरापासून निदान ३.७ मीटर, म्हणजे सुमारे १२ फूट, वर हवी. बाजूने तिलाही १.२ मीटर अंतर हवे. तेहतीस हजारांची असेल तर बाजूने २ मीटर. मोठ्या मनोऱ्यांच्या तारांना याहून जास्त अंतर लागते.

मोठ्या दाबाच्या तारेला हात लागण्याचीही गरज नसते. ओला बांबू किंवा लोखंडी सळई जवळ गेली तरी वीज उडी मारते. म्हणून स्लॅबसाठी सळई वर चढवताना माणसे मरतात.

तार आधीची आहे आणि आपल्याला घर बांधायचे किंवा वाढवायचे आहे, तर महावितरणला आधी लेखी कळवावे. तार हलवता येत असेल तर ते हलवतात. पण आधीची तार आपल्या बांधकामासाठी हलवायची तर खर्च आपल्याला द्यावा लागतो. विजेच्या तक्रारीसाठी फोन नंबर १९१२ आहे.

जमिनीखालचा पाइप

२०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले. त्यातून गावोगाव नळाचे पाइप टाकले गेले. पहाडावर उन्हाळ्यात एका गुंडासाठी बायकांना किती चालावे लागते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून त्या पाइपाची किंमत आपल्याला कळली पाहिजे.

पाइपावर ओटा किंवा खोली बांधली तर काय होते? पाइप फुटला की तो सापडत नाही. सापडला तर फरशी फोडावी लागते. घरमालक फोडू देत नाही. तोवर पुढच्या घरांना पाणी नाही.

याहून वाईट गोष्ट दुसरी. गावातला नळ दिवसभर चालत नाही. तास-दोन तास चालतो आणि बंद होतो. बंद झाला की पाइप आतून रिकामा होतो आणि बाहेरचे पाणी ओढून घेतो. फुटलेल्या जागी शेजारी सांडपाणी किंवा संडासाचा खड्डा असेल, तर ती घाण पाइपात शिरते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी पिण्याच्या माठात येते. हगवण, कावीळ असे रोग यातून पसरतात. म्हणून पाइपाच्या पट्टीवर बांधकाम नको. जवळ संडासाचा खड्डा नको. वड, पिंपळ, उंबर अशी मोठ्या मुळांची झाडेही नकोत.

बांधण्याआधी पाच कामे

पहिले काम. पावसाळ्यात जागा पाहा. ते जमले नाही तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. "मोठ्या पावसात पाणी इथं कुठवर येतं?" नकाशाला माहीत नसते ते त्यांना माहीत असते.

दुसरे काम. कागद पाहा. सातबारा, घराचा उतारा आणि गावनकाशा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडे चौकशी करा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

तिसरे काम. पाइप कुठून गेला आणि तार कुठून जाणार, हे पंचायतीला आणि महावितरणला विचारा.

चौथे काम. परवानगी मागा. अर्ज लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्याला पोच म्हणतात. पोच जपून ठेवा. तोंडी "बांधा हो, कोण विचारतंय" यावर विश्वास ठेवू नका. असे म्हणणारा माणूस पुढे सापडत नाही.

पाचवे काम. घरकुल मंजूर झाले असेल तर जागा नाल्यातली नाही ना, तारेखालची नाही ना, याची खात्री करूनच पाया खणा. पाया एकदा खणला की पैसे जमिनीत गेले. ते परत येत नाहीत.

पंचायत माहिती देत नसेल तर २००५ सालच्या माहिती अधिकाराच्या कायद्याने अर्ज करता येतो. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. साधारण ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

वाद झाला किंवा नोटीस आली तर

शेजाऱ्याने शेतातल्या पाण्याची नैसर्गिक वाट बेकायदा अडवली, पिकाला धोका झाला, तर तहसीलदारांकडे दावा करता येतो. याचा कायदा १९०६ सालचा आहे. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. "पाहू पुढच्या सालाला" म्हणत बसू नये. त्याआधी चार माणसे बसवून समजुतीने मिटले तर सगळ्यांत चांगले. खटल्यात दोघांचेही बैल विकले जातात.

आपल्यालाच नोटीस आली तर ती फाडू नका, घ्यायला नकार देऊ नका. वाचा. वाचता आले नाही तर वाचून घ्या. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले आहे, की घर पाडण्याआधी निदान १५ दिवसांची नोटीस द्यावी आणि माणसाचे म्हणणे ऐकावे. पण त्याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेची कड, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक जागेतल्या बेकायदा बांधकामाला हे संरक्षण नाही. ही गोष्ट नीट समजून घ्या. घर आपल्या जागेत असेल आणि कागदात चूक असेल, तर बोलायला वाव असतो. घर नाल्यातच असेल, तर वाव फार थोडा असतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत? स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना सरकारी विधी सेवा फुकट मिळते. त्यांना उत्पन्नाची अट नाही. न्यायालयात चौकशी करा.

ओटा किंवा पायरी नालीवर आलीच असेल, तर स्वतःहून काढून घ्यावी. आपल्या हाताने काढली तर विटा तरी आपल्याला राहतात. यंत्राने काढली तर चुराच हाती येतो.

मोकळी पट्टी वाया जात नाही

"मग ती दहा फूट जागा फुकट गेली म्हणायची का?" नाही. ती आपलीच आहे. पाण्याच्या पट्टीत पालेभाजी लावा, गवत वाढवा. बंडी उभी करा, पण पावसाळ्यात काढून घ्या. कुंपण हवे तर काट्यांचे करा आणि खालून पाणी जायला जागा ठेवा. जमिनीची पातळी मात्र उंच करू नका. मातीची एक हात भर म्हणजे पाण्याला भिंतच.

आपल्या गोष्टीतल्या भाऊंनी शेवटी काय करावे? कोठा दहा फूट सरकवावा. खर्च होईल. पण विचार करा, भाऊंच्या घराच्याही खाली कुणाचे तरी घर आहे. त्याने उद्या भिंत घातली, तर पाणी भाऊंच्या चुलीवर येईल. पहाडावर प्रत्येक जण कुणाच्या तरी खाली आणि कुणाच्या तरी वर राहतो. म्हणून पाण्याला वाट देणे म्हणजे शेजाऱ्यावर उपकार करणे नव्हे. ती आपल्याच घराची राखण आहे.

वाचा, विचार करा आणि बोला

१. तुमच्या गल्लीतले पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? पाटीवर नकाशा काढा.
२. त्या वाटेवर कुठे ओटा, पायरी, भर किंवा कचरा आहे का?
३. तुमच्या घराच्या छपरापासून विजेची तार किती लांब आहे? लांबूनच अंदाज करा. मोजायला काठी वर नेऊ नका.
४. तुमच्या गावात नाल्याकाठी राहणाऱ्यांना दुसरी जागा कुठे देता येईल? हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या बैठकीत मांडा.